मेघ निघाला ती टेकडी

नवतपा कधीच सरला, मृगाने हूल देत देत का होईना आपला शब्द पाळला, आणि आषाढाची शुद्ध प्रतिपदा दारात येऊन उभी राहिली. नागपूरच्या खिडक्यांतले कूलर अजून उतरलेले नाहीत, पण त्यांची घरघर थांबली आहे. मौदा, पारशिवनी, रामटेकच्या शेतांत धानाचे पऱ्हे हिरवे झाले आहेत, आणि धुऱ्यावर उभा असलेला शेतकरी रोवणीच्या हिशेबाने दिवसातून दहादा मान वर करून आभाळ पाहतो आहे. शहरातले आपणही पाहतो, छत्री घ्यावी की नाही एवढ्यापुरते का असेना. या एका दिवशी मात्र त्या पाहण्याला सोळाशे वर्षांची सोबत असते, कारण आषाढाच्या पहिल्या दिवशी डोंगरमाथ्याला बिलगलेला मेघ पाहून व्याकूळ झालेल्या यक्षाची कथा कालिदासाने लिहिली, आणि ती तिथी आपण त्या कवीच्या नावाने पाळत आलो. देशभर ती पाळली जाते. आपल्याला तिचे अप्रूप थोडे अधिक, कारण आपल्याजवळ त्या तिथीचा पत्ता आहे: नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवर, कामठी आणि कन्हान ओलांडून, मनसरला उजवीकडे वळल्यावर दिसू लागणारी रामटेकची टेकडी.

'मेघदूता'तला यक्ष कुबेराच्या शापाने वर्षभरासाठी रामगिरीवर येऊन राहिला होता. हा रामगिरी कोणता, यावर विद्वानांचे एकमत नाही. कुणी त्याला चित्रकूट म्हटले, कुणी छत्तीसगडातल्या सरगुज्याचा रामगड पुढे केला. पण आपल्या वा. वि. मिराशी यांनी ताम्रपट, शिलालेख आणि काव्यातला प्रवासाचा मार्ग एकमेकांशी ताडून रामटेकचा पक्ष इतक्या चिकाटीने मांडला, की आज तो पक्ष सहज बाजूला सारता येत नाही. नागपुरात शिकवता शिकवता वाकाटकांचे लेख वाचून त्यांचा संग्रह सिद्ध करणारे मिराशी आपल्या शहराचे भूषण होते. रामटेकवर 1997 साली कालिदासाच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ उभे राहिले आणि टेकडीवर त्याचे स्मारक आहे. पण स्मारकाच्याही आधी या टेकडीला कालिदासाशी जोडले ते दिव्याच्या उजेडात झिजलेली अक्षरे लावत बसलेल्या या अभ्यासकाने, हे आजच्या दिवशी आठवावे.

त्या झिजलेल्या अक्षरांतून एक स्त्री आपल्याकडे पाहते. प्रभावतीगुप्ता ही उत्तरेच्या सम्राटाची, दुसऱ्या चंद्रगुप्ताची, लेक. वाकाटकांच्या रुद्रसेनाशी विवाह होऊन ती विदर्भात आली. पती लवकर गेला, मुले लहान होती, आणि राज्याचा भार तिने अंगावर घेतला. राजधानी होती नंदिवर्धन, म्हणजे रामटेकच्या पायथ्याजवळचे आजचे नगरधन. पुण्यात मिळालेला तिचा एक ताम्रपट या नंदिवर्धनाहून काढलेला आहे. ऋद्धपूरच्या दुसऱ्या ताम्रपटात दान दिले आहे ते रामगिरीच्या स्वामीच्या पायांपाशी उभे राहून. या ताम्रपटांत ती आपल्या माहेरच्या गुप्त कुळाची वंशावळ अभिमानाने सांगते. सासरी राज्य करणारी, माहेर न विसरलेली आणि देवाच्या पायाशी उभी राहून शेतजमीन दान देणारी ही बाई आपल्याला परकी वाटतच नाही. अलीकडच्या काही वर्षांत नगरधनला उत्खनन झाले, तेव्हा तिच्या नावाची, शंखाचे चिन्ह असलेली मातीची मुद्रा सापडली. बोटाच्या पेराएवढ्या वस्तूने सोळा शतके ओलांडून नाव पोहोचवावे, यापरते नवल कोणते? गडावरच्या केवल नरसिंहाच्या देवळात गिलाव्याखाली दडलेला एक लेख गेल्या शतकाच्या उत्तरार्धात उजेडात आला. त्याच्या एका वाचनानुसार ते देऊळ लेकीने आईच्या पुण्यस्मरणार्थ बांधले, आणि ती आई म्हणजे हीच प्रभावती. हे वाचन मान्य केले, तर दर्शनाच्या घाईत ज्या देवळापुढून आपण पायही न थबकवता जातो, ते एका मुलीने आईसाठी केलेले काम आहे.

गड चढताना असे थर एकावर एक लागत जातात. वराह दरवाजापाशी एकाच दगडातला प्रचंड वराह उभा आहे, वाकाटकांच्या काळातला. त्याच्या पोटाखालून सरपटत पार जाणारा पुण्यवान, ही समजूत आपण लहानपणी तपासून पाहिली आहे आणि आता नातवंडांना तपासायला लावतो. पुढे सिंघपूर, भैरव, गोकुळ असे दरवाजे ओलांडत वर गेले की राम आणि लक्ष्मण. लक्ष्मणाच्या देवळात यादव रामचंद्राच्या काळातला शिलालेख, आणि आज दिसणाऱ्या गडाच्या उभारणीवर नागपूरकर रघुजी भोसल्यांचा हात. खाली अंबाळ्याचे तळे, त्याच्या काठचे घाट आणि देवळे, आणि पूर्वजांसाठी पाण्यात उभे राहणारे लोक. भरूचचा राजपुत्र रामटेकच्या यात्रेला म्हणून निघाला, वाटेत ऋद्धपूरला गोविंदप्रभूंना भेटला आणि चक्रधर झाला, असे महानुभावांची परंपरा सांगते. म्हणजे मराठी गद्याच्या उगमाशीही या टेकडीकडे येणारी एक वाट आहे. याच टेकडीवर धूम्रेश्वर आहे. शंबूकाची स्मृती तिथे आहे, आणि रामाच्या आधी त्याची पूजा व्हावी असे स्थलपुराण म्हणते. दीक्षाभूमीच्या शहरातून तिथे जाणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने त्या लहानशा देवळापुढेही थांबावे. ज्या जागेने आपल्यातली वेदना पुसून टाकली नाही, ती जागा अधिक मोठी.

आषाढाचा दिवस मात्र त्या मेघाचा. 'मेघदूत' हे विरहाचे काव्य खरेच, आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, बोरकर, शांता शेळके यांच्यापर्यंत मराठीने ते पुन्हा पुन्हा आपल्या ओंजळीत घेतले तेही त्या विरहासाठीच. तरी यंदा ते एका वेगळ्या कारणासाठी उघडून पाहावे. त्याचा पहिला अर्धा भाग हे प्रवासाला निघालेल्या पाहुण्याला सांगितलेले वाटेचे वर्णन आहे. यक्ष इथे टेकडीवर अडकून पडला आहे, त्याला जाता येत नाही, म्हणून जो जाऊ शकतो त्याला तो वाट सांगतो: माळाच्या पठारावर जरा थांब, नुकत्याच नांगरलेल्या जमिनीचा वास येईल. आम्रकूट, रेवा, दशार्ण, विदिशा करीत पुढे जा. उज्जयिनीला वाकडी वाट करावी लागली तरी चुकवू नकोस. त्यापुढे चर्मण्वती, कुरुक्षेत्र, कनखल आणि शेवटी कैलासाच्या मांडीवरची अलका. नर्मदेच्या खडकाळ पात्रापासून हिमालयापर्यंतचा भूगोल त्यात असा ओवला आहे, की आजही नकाशा समोर ठेवून ते वाचता येते.

त्या वाटेपेक्षा मोलाची आहे ती यक्षाने मेघाला सांगितलेली रीत. आम्रकूटावर वणवा पेटलेला दिसेल, तो विझवून मग डोंगराच्या माथ्यावर विसावा घे. उन्हाने रोडावलेल्या निर्विंध्येला भरून दे. जुईच्या बागांत फुले तोडणाऱ्या मुलींचे चेहरे घामाने डबडबले असतील, त्यांच्यावर क्षणभर सावली धर. अंधारातून प्रियकराकडे जाणाऱ्या स्त्रियांना विजेने वाट दाखव, पण गर्जू नकोस, त्या घाबरतील. अवंतीत गावोगावचे म्हातारे उदयनाच्या गोष्टी सांगतात, त्यांच्या देशातून जा. महाकालाच्या सांजआरतीला पोहोचलास तर तुझा गडगडाट नगाऱ्याच्या जागी वाजू दे. मेघ जिथे जातो तिथे पाणी टाकून हलका होतो आणि नद्यांचे पाणी पिऊन पुन्हा जड होतो. भोळ्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहणाऱ्या खेड्यातल्या बायकांना ठाऊक आहे, की शेती त्याच्यावर आहे. पाहुण्याने यावे तर असे यावे, की गावाने मायेने वर पाहावे. आपल्या संस्कृतीत अतिथीच्या सत्काराविषयी पुष्कळ सांगितले आहे. अतिथीने कसे वागावे हे इतक्या कोवळेपणाने कालिदासाने सांगितले, आणि ते सांगणे सुरू झाले आपल्या टेकडीवरून.

म्हणून या तिथीला आपण आपल्याच प्रवासाचा थोडा हिशेब मांडायला हवा. गेल्या काही वर्षांत आपण खूप हिंडू लागलो, ही आनंदाची गोष्ट आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पचमढी, चिखलदरा, त्याहीपुढे हिमाचल आणि काश्मीर. ज्यांच्या आईवडिलांनी विदर्भाबाहेर पाऊल टाकले नव्हते अशी मुले आज समुद्र आणि बर्फ दोन्ही पाहून आली आहेत. जवळचेही आपण नव्याने पाहू लागलो. 2024 च्या जानेवारीत पेंचच्या जंगलाला देशातले पहिले अंधाऱ्या आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता मिळाली आणि आकाशगंगा पाहण्यासाठी लोक तिथे जाऊ लागले. खिंडसीच्या तलावावर रविवारी नावांची गर्दी होते. मनसरच्या हिडिंबा टेकडीवर उत्खननात विटांची भव्य वास्तू उघडी झाली आहे, पण मॅंगनीजच्या खाणींसाठी मनसर ओळखणाऱ्या आपल्यापैकी फार थोडे जण तिथे उतरतात.

आणि जिथे उतरतो, तिथे मागे काय ठेवून येतो? गडाच्या पायऱ्यांवर वानरे आपल्या हातातली पिशवी हिसकावतात, कारण पिशवीत खाणे असते हे आपणच त्यांना शिकवले. जुन्या भिंतींवर खिळ्याने कोरलेली नावे दिसतात, आणि प्रभावतीच्या लेकीच्या अक्षरांशेजारी ती पाहून जीव कासावीस होतो. अंबाळ्याच्या पाण्यात निर्माल्याबरोबर प्लास्टिक तरंगते. पायथ्याशी उकडलेल्या शेंगा, भुट्टे आणि बोरे विकणाऱ्या बायका, रामटेकच्या नागवेलीचे पान लावून देणारे हात, या साऱ्यांच्या घरी सणावाराच्या गर्दीतून चार पैसे जातात, हे खरे. पण गर्दी ओसरल्यावर तो सगळा पसारा झाडून काढणारेही तेच असतात. मेघ डोंगराला जो भार देतो तो पाण्याचा असतो. आपण डोंगराला कोणता भार देऊन उतरतो, याचे उत्तर आपल्यालाच द्यायचे आहे.

हे खंतावण्याचे दिवस नाहीत, पेरणीचे आहेत. ही टेकडी दर आषाढात नवी होते. वैशाखात पिवळीकरडी पडलेली, दगडांचे सांगाडे दाखवणारी बाजू दोन सरी पडल्या की पोपटी दिसू लागते, आणि जुन्या दरवाजांच्या दगडांवर शेवाळ चढते. निसर्ग आपले नूतनीकरण न चुकता करतो. वास्तूंचे तसे होत नाही. त्यांना दरवर्षी माणसांचे हात लागतात, देवळाच्या शिखरावर उगवलेला पिंपळ रोप असतानाच काढावा लागतो, तळ्यातला गाळ उपसावा लागतो. शासनाने काय करायचे ते शासनाने करावे, आणि आपण त्याला विचारत राहावे. पण शाळेने मुलांची सहल रामटेकला नेताना आधी वर्गात यक्षाची गोष्ट सांगावी, पालकांनी गाडीत नगरधनचे नाव घ्यावे, आणि गडावर पोहोचल्यावर एखाद्या जुन्या माणसाला जवळ बसवून जागेविषयी विचारावे, एवढे तर आपल्या हातात आहे. अवंतीच्या म्हाताऱ्यांसारखे गोष्टी जाणणारे म्हातारे आपल्या रामटेकलाही आहेत.

काव्यात यक्षाच्या शापाचे चार महिने उरलेले असतात. शेषशय्येवरून विष्णू उठला, की त्याची सुटका. आषाढात सुरू झालेली वाट कार्तिकातल्या एकादशीला संपते, आणि त्यानंतर चारच दिवसांनी त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकचा गड त्रिपुराच्या उजेडाने झळाळतो. त्या रात्री यात्रेला आपण जाऊच, पिढ्यान्‌पिढ्या जात आलो आहोत. पण या चार महिन्यांत एकदा, गर्दी नसलेल्या एखाद्या पावसाळी सकाळीही जाऊ या. पाण्याची बाटली घरून भरून नेऊ, आणि रिकामी झाली की तीच घरी परत आणू.