पलटणीला नावं ठेवणं

मराठीत पोराचं नाव ठेवतात अन् शेजाऱ्याला नावं ठेवतात. एका टिंबाचा फरक. पलटणीत तेवढाही राहत नाही. इंग्रजांच्या फौजेत प्रत्येक पलटणीचं बारसं दोनदा व्हायचं. एकदा राजा करायचा, कागदावर शिक्का मारून. दुसऱ्यांदा शेजारच्या पलटणीतले शिपाई करायचे, चिखलात बसून, शिव्या देत. तोंडात राहायचं ते दुसरंच.

पन्नासाव्या पायदळ पलटणीचं बघा. १८०८ साली पोर्तुगालात व्हिमेइरोच्या लढाईत ह्यांनी बाह्यांनी घाम पुसला, तर बाह्यांचा काळा रंग तोंडाला लागला. नाव पडलं, मळकं अर्धशतक. रॉयल स्कॉट्स ही १६३३ सालची, सगळ्यांत जुनी. जुनी कोण यावरून तिचं एका फ्रेंच पलटणीशी भांडण असल्याची गोष्ट सांगतात. त्यातून टोमणा निघाला की येशूला सुळावर दिला तेव्हा पाँटियस पायलटचे अंगरक्षक हेच होते! आपल्या मुंबईतल्या कंपनी सरकारच्या गोऱ्या पलटणीला, पुढं जी १०३ वी रॉयल बॉम्बे फ्युजिलियर्स झाली तिला, ओल्ड टफ्स म्हणायचे. म्हंजे जुने चिवट. लष्करी वैद्यकीय दलाची इंग्रजी अक्षरं आर, ए, एम, सी. शिपायांनी त्याचा अर्थ लावला, रॉब ऑल माय कॉम्रेड्स. लुटा माझ्या सगळ्या साथींना. बेशुद्ध पडलेल्या माणसाला आपल्या खिशाबद्दल जो संशय येतो, तो अर्जात कोण लिहिणार? चार अक्षरांत बसवला.

पण माझं आवडतं नाव चौदाव्या लाइट ड्रॅगून्सचं. १८१३ साली स्पेनमध्ये व्हिटोरियाला नेपोलियनचा भाऊ जोसेफ लढाई सोडून पळाला. त्याच्या गाडीत ह्या घोडेस्वारांना चांदीचं एक भांडं सापडलं. रात्री मुतायचं. झालं, सगळ्या फौजेनं ह्यांना नाव दिलं, बादशहाच्या मोलकरणी. ह्यांनी काय केलं? भांडं मेसमध्ये मानानं ठेवलं अन् त्यातून शँपेन प्यायला लागले. त्यांच्या वारस पलटणीनंही ती रीत सोडली नाही.

च्यायला, राजाच्या मुताच्या भांड्यातून दारू पितात अन् एकही जण बाटत नाही! १९२७ साली महाडला आपल्या माणसांनी तळ्याचं ओंजळभर पाणी घेतलं, तर ते तळं शुद्ध करायला गायीचं शेणमूत ओतावं लागलं. इतिहास असाही वाचून बघा.

ह्या नावांना ते हसले कसे, याचा मी विचार करतो. घामाचा रंग संध्याकाळी धुतला जातो. ज्यानं मळकं म्हटलं तो स्वतः त्याच चिखलात पडलेला. आज त्यानं एक फेकली, उद्या त्याच्यावर एक येणार, अन् परवा दोघांना एकच तोफगोळा. वर्दी तीच, पगार तोच. कुणी कुणाच्या हातचं पाणी टाकत नाही. परत फेकता येते तीच चेष्टा, बाकीची नुसती मार असते. आमच्या गोदीतही टोळीत प्रत्येकाला टोपणनाव आहे. झोपाळू क्रेनवाला आहे, तो कुंभकर्ण. तो आम्हाला राक्षसाची पोरं म्हणतो. मुकादमालाही नाव आहे, पण ते त्याची पाठ वळल्यावर. मुकादम मात्र आमच्या तोंडावर, भरपाळीत, जातीवरून हाक मारतो, अन् वर म्हणतो, अरे, गंमत रे!

आता ज्यांचा रंग संध्याकाळी धुतला जात नाही त्यांच्या पलटणीकडं या. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. गोऱ्यांच्या ४२ व्या डिव्हिजननं स्वतःला रेनबो म्हणवून घेतलं. कारण काय, तर कितीतरी राज्यांतली पोरं एकत्र, इंद्रधनुष्यासारखी. न्यूयॉर्कमध्ये तिच्या निरोपाची मिरवणूक निघणार होती. तिथल्या काळ्यांच्या पंधराव्या पलटणीनं आम्हीही चालतो म्हटलं, तर नकार आला. काळा हा इंद्रधनुष्यातला रंग नाही, असं सांगितल्याचं आजवर सांगतात. म्हंजे टोपणनावसुद्धा कुंपण घालून ठेवलेलं.

ही पलटण १९१८ च्या सुरुवातीला फ्रान्सला उतरली अन् सेंट नाझेरला गोद्या बांधायला, रूळ टाकायला जुंपली गेली. त्या युद्धात सुमारे २ लाख काळे सैनिक फ्रान्सला गेले, त्यांतले जेमतेम ४० हजार लढाऊ तुकड्यांत. उरलेल्या बहुतेकांच्या नशिबी जहाजं रिकामी करणं, पोती वाहणं, खड्डे खणणं. वर्दी घातलेले हमाल. हे वाचताना माझे खांदे दुखले, बाकीचं काय सांगू.

पुढं अमेरिकेनं ही पलटण फ्रेंचांच्या हवाली केली. नंबर मिळाला ३६९, शिरस्त्राणं फ्रेंच, बंदुका फ्रेंच. १९१ दिवस आघाडीवर राहिली. फ्रेंचांनी सगळ्या पलटणीला क्रॉय द गेर दिलं. तिच्यातला हेन्री जॉन्सन स्टेशनवरचा हमाल. मे १९१८ मधल्या एका रात्री, बंदूक अडकल्यावर, सुरा घेऊन जर्मनांवर तुटून पडला. आपल्या देशानं त्याला मोठं पदक दिलं २०१५ साली. तो मेला होता १९२९ सालीच.

ह्या पलटणीचं जगभर गाजलेलं नाव हार्लेम हेलफायटर्स. हार्लेमचे नरकयोद्धे. जर्मनांनी घाबरून हे नाव दिलं असं पुस्तकांत येतं, पण त्याचा धड पुरावा नाही असं इतिहासकार सांगतात. ती पोरं स्वतःला ब्लॅक रॅटलर्स म्हणायची. म्हंजे शेपटी वाजवणारा काळा विषारी साप. पाय ठेवलास तर डसेन. मला विचाराल तर हे नाव दहापट चांगलं. स्वतः ठेवलेलं, थोडं हसवणारं, थोडं दात दाखवणारं. ते मागं पडलं अन् शत्रूचं म्हणून सांगितलेलं पुढं आलं. शत्रूचा दाखला असल्याशिवाय आपलं शौर्य खरं वाटत नाही, ही खोड सगळ्याच दबलेल्यांना.

आपल्याला कमी आहे का? कोरेगावच्या खांबावरची नाक-नाक शेवट असलेली नावं आपण छाती फुगवून वाचतो. वाचावीत. बाबासाहेब तिथं गेले होते. पण ज्या साहेबानं ती नावं दगडात कोरली, त्याच्याच मुंबई फौजेच्या दप्तरात आपलं नाव होतं परवारी. पुढं त्याच साहेबानं ही जात लढाऊ नाही म्हणून भरतीचं दार लावलं. १९१७ साली माणसं कमी पडली, तेव्हा १११ वी महार पलटण उभारली. १९२१ साली गरज संपली, मोडली. १९४१ साली दुसरं युद्ध, मग बेळगावला महार रेजिमेंट. गोऱ्या पलटणीला राजाचं नाव, गावाचं नाव, नुसता आकडा. आपल्याला दारावरच जात. दुसऱ्या पलटणीनं गमतीचं नाव ठेवायला जागा उरली कुठं? आज त्या रेजिमेंटमध्ये सगळ्या जातींची पोरं आहेत, पाटी तीच आहे.

म्हणून १९७२ साली मुंबईत पोरांनी पँथर हे नाव घेतलं त्याची किंमत मला मोठी वाटते. अमेरिकेतल्या काळ्या पोरांकडून घेतलं, साहेबाकडून नाही. आपणच आपलं बारसं केलं.

आता दोस्तहो, कडू बोलतो, रागावलात तरी चालेल. मोर्चाला जाताना आपल्या ट्रकमध्ये मातंग साथी चढला की कुणीतरी ओरडतं, काय रे, हलगी आणलीस का? सगळे हसतात. तोही हसतो. का हसतो ते मला माहीत आहे, मुकादमासमोर आम्हीही तसेच हसतो. आपण त्याला म्हणतो, गंमत आहे, आपण सगळे एकाच पलटणीतले. असू. मग एकदा त्यानं उलटून आपल्या जातीवर तशीच एक गंमत केली होती. त्या ट्रकमध्ये मी होतो. दादरपासून भायखळ्यापर्यंत कुणी बोललं नाही.