मातृभाषेचा रकाना परस्पर भरू नका

तंजावरची मराठी हा मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचा विषय. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग गेलेल्या कुटुंबांनी तमिळ मुलखात आजही घरात मराठी राखली, याचं केवढं कौतुक होतं! तशाच परमुलखातून आपल्या दाराशी आलेल्या बोलींची मात्र साधी विचारपूसही होत नाही.

भूम आणि आसपासचा बालाघाटाचा पट्टा वरवर पाहता अस्सल मराठी. पण मराठवाड्यातल्या वस्त्या-तांड्यांवर कान दिला, तर वडारांची वडारी तेलुगूच्या गोतातली निघते, कैकाडी तमिळच्या जवळची, पारध्यांची बोली गुजराती वळणाची आणि लमाणांची गोरमाटी राजस्थानी कुळातली. पोटासाठी फिरत आलेली ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच झाली.

निजामाच्या काळात कचेरीत आणि शाळेत उर्दू होती. 1948 साली ते राज्य संपलं आणि हळूहळू मराठी आली. कचेरीची भाषा बदलली, पण या बोली जागच्या हलल्या नाहीत, कारण त्यांचा आधार कचेरी नव्हता, धंदा होता. वडार दगड फोडायचे, विहिरी खणायचे. बायका दारोदार फिरून जाती, पाटे-वरवंटे टाकवून द्यायच्या. गिऱ्हाइकाशी घासाघीस मराठीत, आपसातलं बोलणं वडारीत. मग पिठाची गिरणी आली, मिक्सर आला, विहिरीवर पोकलेन आलं. धंदा गेला, माणसं शहरातल्या बांधकामांवर पांगली आणि वडारीत बोलायला सोबत उरली नाही. आजी बोलते, मुलाला कळतं, नातू उत्तर देतो ते मराठीत.

गोरमाटीचं तसं झालेलं नाही. तांडा एकवट राहिला, लग्न-सणांतली गाणी टिकली आणि आता ती मोबाइलवरही वाजतात.

मराठी शिकण्यात या मुलांचं भलंच आहे, याबद्दल वाद नको. पण पहिलीत आलेलं तांड्यावरचं पोर गप्प बसलं की त्याला मठ्ठ ठरवायचं, हे कोणत्या शिक्षणशास्त्रात बसतं? लक्ष्मण माने यांच्या 1980 सालच्या 'उपरा'ने कैकाडी माणसाचं जगणं मराठी घरांत नेलं. त्याची बोली शाळेच्या उंबऱ्याबाहेरच राहिली.

सरकारी मोजणीचा घोळ वेगळाच. 2011 च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी ही मातृभाषा सांगणारे देशभरात 32 लाखांवर भरले. कोकणी सांगणारे साडेबावीस लाख. कोकणी 1992 पासून आठव्या अनुसूचीत आहे. लमाणी मात्र हिंदीच्या 52 कोटींत जमा! तिचा वेगळा आकडा शोधायला तक्ते उलगडावे लागतात.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत बोलत होती ती, अशी जनगणनेचीच व्याख्या. पण गाव मराठी, आडनाव मराठी वाटतं, म्हणून प्रगणक न विचारताच 'मराठी' लिहून मोकळा झाला की ती व्याख्या कागदावरच राहते. प्रगणक बहुधा शाळेतलेच गुरुजी किंवा बाई असतात. भूमच्या तहसीलमध्ये त्यांचं प्रशिक्षण होईल, तेव्हा प्रत्येक घरी हा प्रश्न तोंडाने विचारायचा आणि मिळालेलं उत्तर जसंच्या तसं लिहायचं, एवढं बजावून सांगायला पाच मिनिटं पुरतील.