१८५७ च्या देखाव्यात १८७३ चे रिव्हॉल्व्हर

१/ १८५७ च्या देखाव्यांत इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती पितळी काडतुसांच्या कोल्ट रिव्हॉल्व्हरची प्रतिकृती दिली जाते. तो नमुना १८७३ चा. ही चूक क्षुल्लक नव्हे.

२/ गंगापूर, औरंगाबाद हा मुलूख तेव्हा निजामाचा. जून १८५७ मध्ये औरंगाबादेत हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाने बंडाचा पवित्रा घेतला. वुडबर्नच्या फौजेने तो मोडला.

३/ त्या काळची रिव्हॉल्व्हरे म्हणजे कोल्ट १८५१, ब्युमाँट-ॲडम्स १८५६. प्रत्येक कप्प्यात दारू, तीवर शिशाची गोळी, मागे तांब्याची टोपी. घोडा टोपीवर आदळे तेव्हा बार उडे. ऐन चकमकीत ते पुन्हा भरणे जवळजवळ अशक्य.

४/ “शोभेच्या वस्तूची एवढी चिकित्सा कशाला?” कारण झटपट भरणारे शस्त्र दाखवले की बंडवाले यंत्रापुढे हरले, असा ग्रह होतो. वास्तविक रिव्हॉल्व्हर ही बहुधा अधिकाऱ्याची खासगी खरेदी. औरंगाबादेत दहशत बसवली ती तोफेने. बंडवाल्यांना तिच्या तोंडी दिले गेले.

५/ पुढे १८७८ च्या कायद्याने भारतीयांना शस्त्रासाठी परवाना सक्तीचा केला, युरोपीयांना मात्र सूट दिली. शस्त्र कोणाच्या हाती आणि कोणते, हाच सत्तेचा इतिहास. प्रतिकृती करायचीच, तर टोपीसकट करावी.