जुना गेम चालवा की, पण अँटीव्हायरस कशाला बंद करता?

सुट्ट्या लागल्या की आपल्या सातारा-सांगलीकडं घराघरांतले जुने पेनड्राइव्ह बाहेर निघतात. नेट कॅफेत तासाचे पैसे मोजून खेळलेला 'नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड' आता पोरांना दाखवायचा असतो. गेम २००५ चा, कॉम्प्युटर विंडोज ११ चा. क्लिक केलं की पाटी येते, अमुक डीएलएल फाइल सापडत नाही.

माझा आक्षेप पुढच्या उद्योगाला आहे. पोरगं फाइलचं नाव गुगलवर टाकतं, दिसेल त्या साइटवरून ती उतरवतं आणि अँटीव्हायरस ओरडला तर त्यालाच गप्प करतं. काही दुकानांतही हेच चालतं, वर पैसे घेऊन! अहो, त्याच मशीनवर बापाचं नेटबँकिंग असतं, ताईचा महाडीबीटीचा अर्ज असतो. एका गेमपायी कुणालाही घरात घ्यायचं?

मुळात दुखणं साधं आहे. त्या काळचे बरेच गेम डायरेक्टएक्स ९ च्या मदतनीस फाइल्सवर चालायचे. विंडोजमध्ये आज डायरेक्टएक्स १२ असलं तरी या जुन्या फाइल्स त्यात येत नाहीत. मूळ सीडीत त्या बहुतेकदा सोबत असायच्या. आपण मात्र मित्राच्या हार्डडिस्कवरून नुसतं फोल्डर उचललेलं, मग फाइल्स येणार कुठून?

मायक्रोसॉफ्टने हा सगळा संच जून २०१० मध्ये एकत्र करून दिलाय. फुकट आहे, साधारण ९५ एमबीचा. त्यांच्याच साइटवर 'डायरेक्टएक्स एंड-यूजर रनटाइम्स जून २०१०' या नावाने शोधा. एक गोम आहे. उतरवलेली फाइल उघडली की ती फक्त सुटी होते, इन्स्टॉल होत नाही. बरेच जण इथंच 'चालत नाही' म्हणून सोडून देतात. एका रिकाम्या फोल्डरमध्ये ती सुटी करा, मग त्यातलं 'डीएक्ससेटअप' चालवा. आधीचं डायरेक्टएक्स १२ जागेवरच राहतं. सुटी डीएलएल सिस्टिम ३२ मध्ये नेऊन टाकायचा खटाटोप तर करूच नका. ६४ बिट विंडोजमध्ये ३२ बिट गेमच्या फाइल्सची जागाच वेगळी असते, सेटअपला ती बरोबर कळते.

दुकानदार मित्रांनो, हा संच पेनड्राइव्हमध्ये ठेवा आणि कामाचे पैसे खुशाल घ्या. फक्त गिऱ्हाइकाचा अँटीव्हायरस चालू ठेवून मशीन परत द्या. आणि ज्यांनी आधीच कुठली तरी फाइल टाकलीय, त्यांनी आज पूर्ण स्कॅन करा, बँकेचा पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. खात्यातून पैसे गेलेच असतील तर उद्यावर ढकलू नका, लगेच १९३० ला फोन लावा.