जुन्या मोटारीस नवे डोळे

जुन्या वस्तूचे जतन करणे म्हणजे तिला मुळीच हात न लावणे, असा आमचा समज होता. वडिलांनी मागे ठेवलेल्या मॉरिस मायनर मोटारीने तो दूर केला.

१९५६ साली या मोटारीची मागील काच मोठी करण्यात आली. आमची मोटार त्यानंतरची. तरीही आतील आरशात पाठीमागचाच रस्ता दिसतो, बगलेस आलेले वाहन दिसत नाही. एके सायंकाळी उजवीकडे वळताना एका मोटारसायकलस्वारास आमचा धक्का लागता लागता राहिला. त्या रात्री झोप आली नाही.

"बाबा, आजोबांच्या गाडीला भोके पाडायची?" चिरंजीवांनी विचारले. आम्ही निरुत्तर झालो; परंतु आरसे आणलेच.

एकाने चालकाच्या आसनावर बसावे व दुसऱ्याने पुढच्या मडगार्डावर आरसा धरून जागा ठरवावी. रंगावर चिकटपट्टी लावून आधी बारीक, मग मोठे भोक पाडावे. उघड्या पडलेल्या पत्र्यास गंजरोधक रंग द्यावा आणि आरशाखाली रबर घालावे. मॉरिशसच्या खाऱ्या हवेत गंजास तेवढीच वाट पुरते. बहिर्गोल काच अधिक रस्ता दाखविते, मात्र मागचे वाहन आहे त्याहून दूर भासविते, हे विसरू नये.

भोक पाडताना आमचा हात थरथरला खरा. पण वडिलांनी ही मोटार जपली, ती माणसांना सुखरूप घरी पोहोचविण्यासाठी. तो त्यांचा हेतू आम्ही राखला, एवढेच समाधान.