डेक्कन जिमखान्याची वाकडी धावपट्टी

पुण्यात लकडी पुलावरून मुठा ओलांडली की जो भाग लागतो, त्याला आज सारे शहर ‘डेक्कन’ म्हणते. बसथांबा डेक्कन, मेट्रोचे स्थानकही डेक्कन. हे नाव मुळात एका क्लबाचे आहे, हे तेथून रोज ये-जा करणाऱ्यांपैकी किती जणांच्या ध्यानात असते कोण जाणे! १९०६ साली, हा परिसर भांबुर्डे गावाच्या हद्दीत मोडत होता तेव्हा, येथे डेक्कन जिमखाना स्थापन झाला. पुढे वस्ती वाढली आणि क्लबाचे नाव वस्तीला चिकटले.

हा धागा त्या जिमखान्याच्या एका क्रीडामेळाव्याविषयी आहे, आणि त्या मेळाव्याचा जो अर्थ आपण निमूटपणे स्वीकारला आहे त्याविषयीही.

मेळावा पहिले महायुद्ध नुकतेच संपले तेव्हाचा, १९१९-२०च्या सुमाराचा. अध्यक्षस्थानी सर दोराबजी टाटा होते. इंग्लंडमध्ये शिकलेल्या दोराबजींना तिकडच्या मैदानी स्पर्धांची रीत चांगली ठाऊक होती. १९२९ साली त्यांनी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांना एक पत्र लिहिले. त्यात या मेळाव्याची हकीकत येते आणि भारताच्या ऑलिम्पिक चळवळीचा आरंभ सांगताना बहुतेक लेखक याच पत्राचा आधार घेतात. त्याचा मथितार्थ असा: मैदान लहान, खडबडीत आणि गवताळ होते. त्यावर रूळ फिरवलेला नव्हता. शंभर यार्डांची शर्यत आयोजक वळणावरून घेणार होते, तीही धावपटूंच्या मार्गांमध्ये दोऱ्या न बांधता. दोन-तीन जणांच्या प्राथमिक फेऱ्या घेऊन त्यांतून अंतिम फेरीचे गडी निवडावेत, ही पद्धत त्यांना माहीत नव्हती. धावणारी मुले शेतकरी वर्गातली, शेतात राबणारी आणि साध्या अन्नावर वाढलेली होती.

मेळाव्याचा मुकुटमणी होता सुमारे पंचवीस मैलांची लांब पल्ल्याची शर्यत. खडीच्या आणि मातीच्या रस्त्यांवर अनवाणी धावणाऱ्या या गड्यांपैकी पहिल्या तीन-चार जणांनी घेतलेला वेळ युरोपातल्या वेळेच्या तोडीचा होता, असे दोराबजी नमूद करतात. ते चकित झाले. या धावपटूंना १९२०च्या अँटवर्प ऑलिम्पिकला पाठवावे हा विचार तेथे रुजला. खर्चाचा मोठा भार त्यांनी स्वतः उचलला आणि मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या मध्यस्थीमुळे भारताच्या सहभागाचा मार्ग मोकळा झाला.

ही कथा सांगताना वाकडी धावपट्टी हमखास विनोदासाठी वापरली जाते. पाहा, बिचाऱ्यांना नियमच ठाऊक नव्हते. मग एक जाणता, उदार पुरुष आला आणि त्याने दिशा दाखवली. दोराबजींच्या औदार्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु या मांडणीत जिमखान्याचे अज्ञान ही उणीव ठरते. ती त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू होती, असे म्हणायला जागा आहे.

त्यासाठी ‘अमॅच्युअर’ या शब्दाकडे वळावे लागेल. आपण त्याचे भाषांतर ‘हौशी’ असे करतो. मराठीत हौशी म्हटले की नाटकवेडे कारकून नाहीतर रविवारचे क्रिकेटपटू डोळ्यांपुढे येतात. शब्द सौम्य आहे, थोडा लाडिकही. विलायतेत मात्र त्याला धार होती. १८६६ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या अमॅच्युअर अ‍ॅथलेटिक क्लबाच्या व्याख्येनुसार यांत्रिक, कारागीर आणि मजूर हे ‘हौशी’ ठरू शकत नव्हते. पैसा घेऊन खेळणारा बाद, हे समजण्यासारखे आहे. येथे मात्र हातांनी राबणारा माणूस खेळासाठी दमडीही न घेता बाद होत होता. हे कलम धावण्याच्या शर्यतींतून १८८० साली गळाले, नौकानयनात ते त्यानंतरही टिकून राहिले. कलम गेले तरी त्यामागची वृत्ती लगेच जात नसते. हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. परंतु ज्याला ते मोल कधी चुकवावे लागले नाही, त्याच्याच तोंडी ही म्हण शोभते.

आता हिंदुस्थानातल्या जिमखान्यांकडे पाहा. १८७५चा बॉम्बे जिमखाना युरोपियनांचा. त्यानंतर पारशांचा, हिंदूंचा, मुसलमानांचा असे वेगवेगळे जिमखाने उभे राहिले आणि मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर धर्मवार मैदाने आखली गेली. पुण्यातले चित्रही फारसे निराळे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पळवणकर बाळू गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखण्याच्या नोकरीवर होते आणि सरावात कॅप्टन ग्रेगसारख्या नामांकित फलंदाजाला तासन्‌तास गोलंदाजी करीत. पुढे हिंदूंच्या संघाने त्यांच्या डावखुऱ्या फिरकीसाठी त्यांना आपलेसे केले, परंतु चहाच्या वेळी त्यांचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात दिला जाई. मैदानावर चालणारा स्पर्श मंडपात चालत नव्हता.

या पार्श्वभूमीवर डेक्कन जिमखान्याने धर्माऐवजी प्रदेशाचे नाव घेतले, ही साधी बाब नव्हे. तो समतेचा आखाडा होता, असा दावा करणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. तो चालवणारा वर्ग शिकलेला आणि पांढरपेशा होता. तरीही इंग्रजी चौकट पुरती अंगवळणी पडलेली नसल्यामुळे त्याच्या मैदानाला सांदी राहिली होती. त्या सांदीतून शेतात राबणारी मुले आत आली आणि पळाली. दोरी बांधली की मार्ग नीट आखला जातो हे खरे; परंतु ती कोणाला अलीकडे ठेवते आणि कोणाला पलीकडे, हा प्रश्नही इतिहासाने विचारायचा असतो.

क्लबांना आपली लेखणी आठवते, हेही येथेच नोंदवावे. डेक्कन जिमखान्याच्या कीर्तीत १९१४ सालच्या खो-खोच्या नियमांना मानाचे स्थान आहे आणि ते योग्यच आहे. खो-खो त्याआधी गावोगाव खेळला जात होताच. जिमखान्याने त्याला कागदावर आणले. जगाच्या दुसऱ्या टोकाला असेच घडले होते. मे १८५९मध्ये मेलबर्न फुटबॉल क्लबाच्या मूठभर सभासदांनी दहा नियम लिहिले आणि त्यातून आज ‘ऑस्ट्रेलियन रूल्स’ म्हणून ओळखला जाणारा फुटबॉल उभा राहिला. त्या नियमांचा एक कर्ता टॉम विल्स याचे बालपण पश्चिम व्हिक्टोरियात, तेथील आदिवासींच्या सहवासात गेले होते. आदिवासींच्या ‘मार्नग्रूक’ या चेंडूच्या खेळाचा त्या नियमांवर काही ठसा होता का, यावर तेथले इतिहासकार आजही हातघाईवर येतात. थेट पुरावा नाही, असे एक पक्ष सांगतो. पुरावा लिहिणारे हात कोणाचे होते, असे दुसरा विचारतो. हा वाद निकाली निघालेला नाही, पण निदान तो घातला जातो. आपल्याकडे खो-खोच्या नियमांचे साल पाठ असते. आधी तो कोण, कसा खेळत होते याची विचारपूस क्वचितच होते.

धावपटूंच्या बाबतीतही तेच. दोराबजींच्या पत्रात ते एका वर्गाच्या रूपाने येतात: काटक, अनवाणी, अशिक्षित. काटकपणा हा जणू जमिनीतून उगवणारा गुण. डहाणू-तलासरीकडे पाड्यावरून शाळेपर्यंत मैलोन्‌मैल पायी जाणाऱ्या मुलांविषयी आजही ‘उपजत चपळ’ असे कौतुकाने बोलले जाते, तेव्हा बोलणाऱ्याच्या नकळत त्या मुलांची मेहनत हिशेबातून वगळली जाते. पंचवीस मैल कसे पळावे, दम कोठे राखावा, कोठे सोडावा, ही विद्या आहे. ती इंग्रजी पुस्तकातून आलेली नव्हती, एवढेच.

अँटवर्पला गेलेल्या चमूची नावे मात्र उपलब्ध आहेत आणि ती मोठ्याने वाचायला हवीत. धावण्यासाठी बेळगावचे फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी आणि बंगालचे पुर्मा बॅनर्जी; कुस्तीसाठी कुमार नवले आणि रणधीर शिंदे. सहांपैकी बहुतेक मराठी मुलखातले. त्या ऑलिम्पिकची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती. एवढी लांब मॅरेथॉन ऑलिम्पिकमध्ये पुन्हा झाली नाही. फिनलंडच्या हानेस कोलेहमाइनेन यांनी ती २ तास ३२ मिनिटांत जिंकली. चौगुले २ तास ५० मिनिटांत पोहोचले आणि एकोणिसावे आले. दातारांना ती पूर्ण करता आली नाही.

पुढची वर्षे वेगाने सरली. १९२४च्या पॅरिस ऑलिम्पिकसाठी दिल्लीत देशव्यापी निवड-स्पर्धा झाल्या, मद्रासच्या वाय.एम.सी.ए.चे हॅरी बक संघाचे व्यवस्थापक झाले, १९२७ साली भारतीय ऑलिम्पिक संघटना स्थापन होऊन दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. धावपट्ट्या सरळ झाल्या. चळवळीचा गुरुत्वमध्य पुण्यातून सरकला आणि जिमखान्याच्या वाट्याला आरंभकथेतला तो विनोद तेवढा उरला.

खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत जिंकलेले कुस्तीचे कांस्यपदक महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, आणि तसे असायलाच हवे. त्याच्या बत्तीस वर्षे आधी अँटवर्पच्या मॅटवर, फेदरवेट गटात, रणधीर शिंदे कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत पोहोचले होते. ती लढत ते हरले आणि चौथे राहिले.