धाडस एकट्याचे, भार कोणाचा?

न्यूझीलंडमधील क्वीन्सटाउन शहराजवळ कावाराउ नदीवर १८८० साली बांधलेला एक झुलता पूल आहे. नोव्हेंबर १९८८ मध्ये या पुलावर व्यावसायिक बंजी उड्यांचे केंद्र सुरू झाले आणि पायाला दोर बांधून ४३ मीटर खाली झेपावणे हा एका देशाच्या पर्यटनाचा चेहरा बनला. तेथे आजही पर्यटकाचे आधी वजन करतात, तो आकडा त्याच्या हातावर लिहितात आणि त्यानुसार दोर निवडतात. त्याआधी एका कागदावर सही घेतली जाते. पाठीवर एकच सॅक घेऊन एकट्याने तिथवर पोहोचलेला आपला तरुण ती सही बहुधा न वाचताच करतो.

गोव्याला बॅकपॅकर नवे नाहीत. हणजूण, हरमलच्या किनाऱ्यांनी साठच्या दशकापासून असे पाहुणे पाहिले आहेत. बदल एवढाच की आता आपल्याच घरांतील मुले-मुली त्या भूमिकेत आहेत. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाविना प्रवेश दिला, नेपाळला जाण्यासाठी तर व्हिसा कधी लागतच नव्हता. पगारदार तरुणाला पंधरा दिवसांची रजा काढून परदेशातील डोंगर, दऱ्या आणि नद्या गाठणे आता आवाक्यात आले आहे. एकट्याने जावे की नाही, उडी मारावी की नाही, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. सार्वजनिक प्रश्न वेगळा आहे. अपघात घडला तर त्याचा भार कोणी उचलायचा? या प्रश्नाची तीन देशांनी दिलेली तीन उत्तरे समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले उत्तर न्यूझीलंडचे. १ एप्रिल १९७४ पासून तेथे अपघात भरपाईची सरकारी योजना लागू आहे. चूक कोणाची, हे न विचारता जखमी माणसाच्या उपचारांचा खर्च तिच्यातून होतो आणि देशात पाहुणा म्हणून आलेल्या परदेशी व्यक्तीलाही हे संरक्षण मिळते. मात्र या उदारपणाची दुसरी बाजू आहे. शारीरिक इजेच्या भरपाईसाठी जखमी व्यक्तीला व्यावसायिकावर दावा लावता येत नाही. शिवाय ही योजना अपघातापुरती आहे. आजारपण, बुडालेला मायदेशातील पगार किंवा रुग्णाला विमानाने घरी आणण्याचा खर्च तिच्यात बसत नाही. ‘न्यूझीलंडमध्ये उपचार फुकट असतात’ एवढेच ऐकून विमा न काढणारा प्रवासी म्हणूनच अर्धवट माहितीवर विसंबलेला असतो.

दावा लागण्याची भीती नसेल, तर व्यावसायिक काळजी का घेईल? २००८ मध्ये हा प्रश्न उग्र रूपात पुढे आला. त्या एप्रिल महिन्यात मांगाटेपोपो येथील घळीत अचानक आलेल्या लोंढ्यात सहा विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक वाहून गेले. त्याच महिन्यात कावाराउ नदीत फळीवरून प्रवाहात उतरण्याच्या खेळात एक ब्रिटिश तरुणी बुडाली. तिच्या वडिलांनी थेट पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि सरकारने संपूर्ण साहसी पर्यटन क्षेत्राचा आढावा घेतला. त्यातून २०११ चे नियम आले. जोखमीचे खेळ चालवणाऱ्या प्रत्येक व्यावसायिकाला सुरक्षेची स्वतंत्र तपासणी आणि नोंदणी बंधनकारक झाली. न्यायालयाचा दरवाजा ज्या ठिकाणी बंद होता, त्या ठिकाणी तपासनीस आणून बसवण्यात आला.

तेवढ्याने सारे सुरळीत झाले, असे मात्र नाही. ९ डिसेंबर २०१९ रोजी व्हाकारी या ज्वालामुखी बेटाचा उद्रेक झाला, तेव्हा बेटावर ४७ जण होते. त्यांतील २२ जणांचा जीव गेला. उद्रेकाच्या तीन आठवडे आधी ज्वालामुखीच्या इशाऱ्याची पातळी वाढवण्यात आली होती, तरीही सहली चालूच होत्या. पुढे खटले झाले, दंड झाले, बेटाची मालकी असलेल्या कंपनीला दोषी ठरवले गेले आणि २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तो निकाल रद्दही केला. देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या कामातील त्रुटींवरही चौकशीत बोट ठेवले गेले. १ एप्रिल २०२४ पासून नियम आणखी कडक झाले आहेत. नैसर्गिक धोक्यांचे मूल्यमापन करणे आणि सहभागी होणाऱ्याला ते धोके आधी नीट समजावून सांगणे, हे आता तेथील व्यावसायिकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. सहीचा कागद पुढे सरकवला की जबाबदारी संपली, असे तेथे मानले जात नाही.

दुसरे उत्तर नेपाळचे. मार्गदर्शकाशिवाय निघालेले गिर्यारोही वाट चुकतात, बेपत्ता होतात आणि त्यांचा शोध घेताना यंत्रणेची दमछाक होते, असे कारण देत नेपाळच्या पर्यटन मंडळाने १ एप्रिल २०२३ पासून परदेशी पदभ्रमण करणाऱ्यांना परवानाधारक मार्गदर्शक सोबत घेणे सक्तीचे केले. एकटेपणाच हा धोका मानून त्यावर बंदी घालण्याचा हा मार्ग. पण एव्हरेस्ट परिसरातील खुंबूच्या स्थानिक प्रशासनाने हा नियम आपल्याकडे लागू केला नाही. म्हणजे एकाच देशात दोन व्यवहार आणि मधे गोंधळलेला प्रवासी. मार्गदर्शकांना रोजगार मिळावा, हा हेतूही या निर्णयामागे होता आणि त्यात गैर काही नाही. तथापि सोबत माणूस दिला म्हणजे सुरक्षितता आली, असे होत नाही. किरकोळ त्रास झालेल्या पदभ्रमण करणाऱ्यांना हेलिकॉप्टरने खाली आणून विमा कंपन्यांकडून भरमसाट रकमा उकळण्याचे प्रकार नेपाळमध्येच २०१८ साली सरकारी चौकशीत उघड झाले होते. उंचीवरच्या आजाराची भीती आणि परक्या मुलखातील एकटेपणा यांमुळे पर्यटक अशा वेळी सांगितले जाईल ते मान्य करतो.

तिसरे उत्तर सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच सर्वांत फसवे आहे. उत्तर व्हिएतनाममधील हा जियांगच्या डोंगराळ रस्त्यांवर मोटारसायकलने फिरणे आज जगभरच्या बॅकपॅकरांचे आकर्षण झाले आहे. गाडी भाड्याने सहज मिळते, परवान्याची चौकशी अनेकदा होतच नाही. खरी अडचण कागदात आहे. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिला जातो, तर व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला परवाना मान्य करतो. म्हणजे ५० सीसीहून मोठी गाडी चालवणारा आपला तरुण खिशात परवाना असूनही तेथील कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना चालक ठरतो. अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न वैध परवान्याचा विचारते. येथे राज्यव्यवस्था अडवत नाही आणि सांभाळतही नाही. सारा भार एका माणसावर आणि त्याच्या घरच्यांवर पडतो.

याची कल्पना गोमंतकीयांना वेगळी करून देण्याची गरज नसावी. हेल्मेट न घालता, योग्य परवान्याविना भाड्याच्या स्कूटरवर फिरणारे परदेशी पाहुणे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. त्यांच्या बेफिकिरीवर बोलताना आपण कठोर असतो. तीच बेफिकिरी आपल्या मुलांकडून परदेशात घडते, तेव्हा मात्र तिला साहस म्हटले जाते.

एकट्या प्रवाशाच्या बाबतीत विम्याला म्हणूनच विशेष महत्त्व येते. सर्वसाधारण प्रवास विम्यात साहसी खेळ बरेचदा वगळलेले असतात किंवा जादा हप्ता भरल्यासच समाविष्ट होतात. पदभ्रमणासाठी उंचीची आणि पाण्याखालील सफरीसाठी खोलीची मर्यादा घातलेली असते. एव्हरेस्टचा पायथ्याचा तळ ५,३६४ मीटरवर आहे. विम्याची मर्यादा त्याखाली असेल, तर शेवटच्या टप्प्यात प्रवासी संरक्षणाविना चालत असतो. मद्यपान करून झालेला अपघातही बहुधा नाकारला जातो. गटातील माणूस बेशुद्ध पडला तर त्याची कागदपत्रे शोधणारा, घरी फोन करणारा कोणीतरी असतो. एकट्याच्या बाबतीत ही कामे आधीच करून ठेवावी लागतात. विमापत्राची प्रत घरी ठेवणे, दिवसागणिक मार्ग कळवणे आणि ठरल्या वेळी निरोप न आल्यास कोणाशी संपर्क साधायचा, हे लिहून देणे, यात भित्रेपणा काही नाही. भारतीय दूतावास कागदपत्रे आणि संपर्क यांसाठी मदत करतो, परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ हे संकेतस्थळही २०१५ पासून आहे. पण रुग्णालयाचे देयक दूतावास भरेल, या समजुतीवर कोणीही निघू नये.

परदेशांकडे बोट दाखवून झाल्यावर आपल्या अंगणाकडेही पाहायला हवे. २०२४ च्या नाताळच्या दिवशी कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची होडी उलटून एकाचा मृत्यू झाला. त्यानंतर महिना उलटण्याआधी, जानेवारी २०२५ मध्ये, पेडणे तालुक्यातील केरीच्या पठारावरून पॅराग्लायडिंग करताना पुण्याहून आलेली एक तरुणी आणि तिच्यासोबतचा नेपाळी चालक मृत्युमुखी पडले. तो चालकही पोटासाठी परक्या मुलखात आलेला होता, याची चर्चा फारशी झाली नाही. गुन्हे नोंदवले गेले, कारवाईच्या घोषणा झाल्या. परंतु भारतात साहसी पर्यटनासाठी सर्वंकष केंद्रीय कायदा नाही. केंद्र सरकारची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, महाराष्ट्राने २०२१ मध्ये स्वतंत्र धोरण आखले, हिमाचल प्रदेशने हवाई खेळांचे नियम केले. राज्यागणिक चित्र बदलते आणि अपघातानंतर परवाना होता की नव्हता, येथूनच शोधाला सुरुवात होते.

पर्यटनावर जगणाऱ्या गोव्याला न्यूझीलंडची सरकारी भरपाई योजना जशीच्या तशी उचलता येणार नाही. त्या योजनेमागे करांची आणि वर्गण्यांची अर्धशतकाची घडी आहे. पण त्या देशाकडून दोन गोष्टी निश्चित घेता येतील. पहिली, व्यवसाय सुरू होण्यापूर्वी त्रयस्थाकडून सुरक्षेची तपासणी आणि ज्यांनी ती पार केली त्यांची कोणालाही पाहता येईल अशी यादी. दुसरी, सही घेण्याआधी धोका पर्यटकाला समजेल अशा भाषेत सांगण्याचे कायदेशीर बंधन. व्हाकारीनंतर न्यूझीलंडला आपले नियम पुन्हा तपासावेसे वाटले. केरीनंतर आपण काय तपासले, याचे उत्तर पुढचा पर्यटन हंगाम सुरू होण्याआधी सरकारने द्यायला हवे. आपली मुले परक्या देशात उडी मारण्यापूर्वी तिथल्या व्यवस्थेकडून जी अपेक्षा ठेवतात, तीच अपेक्षा ठेवून कोणाचे तरी मूल आपल्या किनाऱ्यावर उतरत असते.